बाळाचे लंगोट : पाणी थोडे, ऊन भरपूर

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४ अंशांच्या घरात जातो आणि नेमका तेव्हाच नळ लांबतो. पिंपातले पाणी पुरवून वापरायचे, आणि घरात तान्हे बाळ. नवजात बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज ओले करते. तयार डायपर रोज परवडत नाहीत. म्हणून आपल्या वस्त्यांत आजही जुन्या सुती साडीचे लंगोट आणि दुपटीच चालतात. ती चांगलीच आहेत, पण काही चुका टाळल्या पाहिजेत.

सगळ्यात मोठी चूक पेटीतच होते. आजीने जपून ठेवलेली लुगडी बाळासाठी बाहेर निघतात आणि त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. हा दोष आईकडून येतो, जास्त करून मुलग्यांत दिसतो, आणि बाळाकडे पाहून तो कळत नाही. अशा बाळाच्या अंगात डांबराच्या गोळीतले नॅप्थलीन श्वासातून किंवा त्वचेतून गेले, की तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. ती मेंदूपर्यंत पोचू शकते. तेल चोळलेल्या अंगातून ते जास्त शोषले जाते. म्हणून गोळ्यांचा वास असलेले कापड बाळाला वापरूच नका; पेटीत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवा. बाळाचे डोळे, तळहात, तळपाय पिवळे दिसले, लघवी गडद झाली, दूध ओढेनासे झाले, तर गंडा-दोऱ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता धुण्याचे. शी आधी संडासात टाका, गटारीत नाही. तान्ह्याची शी निरुपद्रवी असते हा गैरसमज आहे. जुलाबाचे जंतू तिच्यातूनही पसरतात. मग लंगोट थोड्या गार पाण्यात खळबळून घ्या. गरम पाणी आधी घातले तर डाग पक्का बसतो. त्यानंतर गरम पाणी आणि थोडी पावडर. बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाला फेस येत नाही, उलट साका कापडात बसतो आणि लंगोट पत्र्यासारखा कडक होतो. तिथे पावडर बरी, पण बेताची. फेस राहणार नाही इतके खळबळा. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक औषध किंवा सुगंधी कंडिशनर घालू नका. औषधाने कातडी पोळते, कंडिशनरने कापड ओल शोषेनासे होते. शेवटचे खळबळलेले पाणी ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला चालते. पाणी कमी असेल तर पाणी वाचवण्यापेक्षा लंगोट वाढवा : वीस-पंचवीस तुकडे असले की एकदाच धुता येते. धुणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय पिठाला लागू नये.

वाळवायला आपल्याइतके ऊन कोणाकडे आहे? तरी बाळोती मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली लपवली जातात. हा जुन्या विटाळाचा उरलेला अंश. गावगाड्यात बाळंतिणीची वस्त्रे धुण्याचे काम ज्या जातींवर लादले होते त्यांत आपल्या आज्या-पणज्या होत्या. आपण तरी बाळोती दारापुढच्या दोरीवर उन्हात टाकावीत. तिन्हीसांजेआधी जरूर काढा. नजर लागते म्हणून नव्हे, दव आणि किडे बसतात म्हणून. पावसाळ्यात ओलसर लंगोट बांधू नका, इस्त्री फिरवा. ३१ जुलैला बाळ घेऊन लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाणार असाल तर आठ-दहा कोरडे लंगोट आणि ओल्यांसाठी वेगळी पिशवी घ्या.

लंगोट दर दोन-तीन तासांनी बदला, रात्रीही. चट्टा आला तर पावडर फासू नका. साध्या पाण्याने पुसून, कोरडे करून बाळाला थोडा वेळ उघडे ठेवा. जांघेच्या घडीत लालभडक पट्टा आणि बाजूला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते. आशाताईला दाखवा; उरलेले मलम मनाने लावू नका.

आणि हे सारे बाळंतिणीनेच करायचे का? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो कामगार बाईला बाळंतपणात विसावा मिळावा म्हणूनच. घरातल्या बाप्याने सकाळी कामावर निघण्याआधी एक बादली लंगोट धुतले तर तेवढा विसावा आपल्या घरातही मिळतो.