प्रथिनांचे रूपदर्शन : क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाची तोंडओळख

औषधांच्या माहितीपत्रकांत अलीकडे प्रथिनांची रंगीत चित्रे आणि ‘रेणुस्तरावर सिद्ध’ असे शब्द आढळतात. आंबिवली-कल्याण परिसरातील अनेक व्यवसायबंधू आमच्याकडे त्यांचा अर्थ विचारतात. म्हणून ही चित्रे मुळात कशी मिळतात, हे प्रथम पाहू.

उदाहरण मिरचीचे घेऊ. तिच्यातील कॅप्सेसिन मज्जातंतूंवरील ‘टीआरपीव्ही-१’ या ग्राहक प्रथिनास चेतविते व दाह जाणवतो. प्रथिनाची रचना पाहण्यासाठी पूर्वी बहुधा त्याचे स्फटिक करावे लागत; परंतु पेशीच्या आवरणात रुतलेल्या अशा प्रथिनांचे स्फटिक सहजी होत नाहीत. क्रायो पद्धतीत ही अडचण टळते.

शुद्ध प्रथिनाच्या द्रावणाचा सूक्ष्म थेंब सुमारे ३ मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर ठेवतात, जास्तीचे द्रावण टिपकागदाने टिपतात आणि जाळी अतिशीत द्रवरूप इथेनमध्ये बुडवितात. पाणी सावकाश गोठल्यास बर्फाचे स्फटिक होऊन नमुना बिघडतो. क्षणार्धात गोठल्यास ते काचेसारखे होते व रेणू आहे त्या स्थितीत राहतो. इलेक्ट्रॉनांच्या अधिक माऱ्याने नमुना नष्ट होतो, म्हणून मारा अल्प ठेवतात. परिणामी छायाचित्र फार अंधुक येते. मात्र तबकात ओतलेले हिरडे जसे निरनिराळ्या बाजूंवर पडतात, तसेच रेणूही. एकाच बाजूच्या असंख्य छाया संगणक एकत्र करून ती बाजू स्पष्ट करतो; मग सर्व बाजू जुळवून त्रिमित आकृती सिद्ध होते. या पद्धतीच्या पायाभूत कार्याबद्दल ज्याक द्युबोशे, जोआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन यांना २०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टीआरपीव्ही-१ची रचना डेव्हिड ज्युलियस व यिफान चेंग यांच्या गटांनी २०१३मध्ये ३.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने दाखविली. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

मिरी-पिंपळीतील पायपरीनही हाच ग्राहक चेतविते. पण तेवढ्यावरून त्रिकटूचे सारे गुण सिद्ध झाले, असे म्हणणे घाईचे ठरेल. रचना रेणू कोठे बसतो हे सांगते. तो पचनानंतर तेथवर किती पोहोचतो, मात्रा कोणती, रुग्णास उपशम मिळतो का, हे सांगत नाही. शिवाय माहितीपत्रकातील चित्र पुष्कळदा ‘डॉकिंग’चे, म्हणजे ज्ञात रचनेत संगणकावर रेणू बसवून केलेल्या अनुमानाचे असते. ते प्रत्यक्ष नव्हे. तेव्हा असे पत्रक हाती येताच आपण विचारावे : हे पाहिलेले की अनुमानलेले? आणि रुग्णांवरील अनुभव कोठे नोंदला आहे? उत्तर मिळेपर्यंत ‘सिद्ध’ हा शब्द रुग्णापुढे उच्चारू नये, असे आम्हास वाटते.