कोपीपासून दवाखान्यापर्यंत

कुरुंदवाडच्या परिसरात, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या मळ्यांत ऊसतोड सुरू झाली की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांच्या कोप्या, म्हणजे बांबू-कागदाच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. आणि हंगामभर येथे राबणारी ही माणसे कागदोपत्री मात्र मूळ गावचीच राहतात. तरीही राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यांचा मूळ जिल्हा आड येत नाही. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये नामांतर झालेल्या या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण असून, योजनेतील रुग्णालयात कागदपत्रांसाठी आरोग्यमित्रही नेमलेला असतो.

पण आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो, आणि दुखणे उसाच्या फडात सुरू होते. विम्याचा पैसा मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णावर खर्च होतो. कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे, साधा ताप यांसाठी दवाखान्यात गेलेल्या बाईच्या नावावर मात्र खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, पडतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटणे लांबते. अंगावर काढलेल्या दुखण्याचा शेवट अनेकदा गर्भपिशवी काढण्यात होतो. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती तपासली, तेव्हा १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. विमा असून हे थांबत नाही, कारण शस्त्रक्रियेआधीच्या वाटेवर सोबतीला कोणीच नसते.

ही सोबत म्हणजेच सांस्कृतिक आरोग्य मध्यस्थ: डॉक्टरांचे म्हणणे रुग्णाच्या बोलीत आणि रुग्णाचे जगणे डॉक्टरांच्या कानावर घालणारी, त्याच समाजातली प्रशिक्षित व्यक्ती. रोमानियाने २००२ मध्ये रोमा समाजासाठी अशा मध्यस्थांना अधिकृत मान्यता दिली, तर केरळने २०१७ मध्ये परप्रांतीय कामगारांसाठी ‘आवाज’ विमा योजना सुरू केली. ऊसतोड मजुरांसाठी मध्यस्थ आणि विमा या दोन्हींची सांगड हवी. ‘जड उचलू नका’ असा सल्ला मिळालेली बाई दुसऱ्या दिवशी उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, हे टोळीतलीच बाई डॉक्टरांना सांगू शकते, आणि बंजारा मजुरांच्या कुटुंबात ती घरच्या बोलीत विचारपूसही करू शकते.

अशा बाईला मानधन आणि तिने दवाखान्यात नेलेल्या रुग्णाच्या खाड्याची भरपाई, दोन्ही विम्याच्याच खर्चात धरावी लागतील. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला त्यात वाटा उचलता येईल, मात्र नेमणूक कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधी, झाली पाहिजे.