शिफ्ट सुटली, भूक लागली!

शनिवार संध्याकाळ. लॅपटॉप बंद, ग्रुपवर एकच मेसेज, ‘आज कुठे?’ आणि उत्तरही ठरलेलं. एफसी रोड, नाहीतर कोरेगाव पार्क. राहायचं पिंपरी-चिंचवडला, ईएमआय भरायचा इथल्या फ्लॅटचा, पण जेवायला मात्र पुण्यात! २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, २०२४ मध्ये ती थेट स्वारगेटपर्यंत पोचली, त्यामुळे हा नेम आणखीच सोपा झालाय. पण बॉस, मेट्रो दोन्ही बाजूंनी धावते! एकदा पुण्याच्या मित्रांनाच इकडे बोलवा. काय खिलवायचं म्हणता? ऐका.

इथली बरीचशी खाद्यसंस्कृती कंपनीच्या भोंग्यामागून चालत आलीय. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज... प्रत्येक कंपनीमागे माणसं आली आणि माणसांबरोबर त्यांच्या घरची चव. इथलं मेनूकार्ड म्हणजे या शहराचा हजेरीपटच!

रविवार सकाळ : दाल पकवान

पिंपरी कॅम्प मात्र भोंग्याच्याही आधीचा. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. शगुन चौकाच्या आसपास कपड्यांच्या खरेदीला तुम्ही शंभरदा गेला असाल, पण सकाळी नाश्त्याला? कुरकुरीत तळलेलं पकवान, त्यावर घट्टसर चणाडाळ, हिरवी चटणी, चिंचेची चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. पकवान मऊ पडायच्या आत संपवायचं, एवढाच नियम. दुपारी कुठे सिंधी कढी-चावल दिसलं तर सोडू नका. ही कढी ताकाची नसते. बेसन खमंग भाजून, चिंचेचा आंबटपणा देऊन करतात आणि आत भेंडी, शेवग्याच्या शेंगा, बटाटा. एका प्लेटमध्ये पोटभर!

गावातली तर्री, चौकातली भेळ

चिंचवडगाव आणखी जुनं, मोरया गोसावींचं. समाधी मंदिरात दर्शन घ्या आणि मग नेवाळे मिसळ गाठा. रविवारी वेटिंग असणार, त्याची तयारी ठेवा. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा, लाजायचं काय त्यात?

संध्याकाळी निगडी प्राधिकरण. इथे एका चौकाचं नावच ‘भेळ चौक’ आहे, आता बोला! कॉलेजचा ग्रुप, नव्याने लग्न झालेली जोडपी, रिटायर्ड काका, सगळे एकाच कट्ट्यावर. कॉफी शॉपमध्ये एका कपाला जेवढे मोजता, तेवढ्यात इथे चौघांची पार्टी होते.

इडलीच्या पुढे

कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी केरळहून आलेली कुटुंबं आज दोन-तीन पिढ्या इथे राहताहेत. म्हणून पिंपरी, आकुर्डी, निगडी भागात साउथ इंडियन म्हणजे फक्त उडप्याचा डोसा नाही. अप्पम आणि स्ट्यू, पुट्टू आणि काळ्या चण्याची कडला करी, पदर सुटणारा केरळी परोटा शोधून खा. ओणमच्या दिवसांत ऑफिसातल्या मल्याळी मित्राशी जरा गोडीत राहा, केळीच्या पानावरचं सद्या जेवायला मिळायची शक्यता वाढते!

भोसरीचा लिट्टी-चोखा

भोसरी एमआयडीसी, चिखली, तळवडे. इथे एसी नाही, प्लेलिस्ट नाही, कधीकधी खुर्चीही नाही. गाडीवर निखाऱ्यांत भाजलेल्या लिट्ट्या, आत सातूचं सारण, सोबत भाजलेलं वांगं, बटाटा आणि टोमॅटो कुस्करून केलेला चोखा. पहिली शिफ्ट सुटल्यावर जा. बिहार-यूपीहून आलेली पोरं उभ्याउभ्याच खात असतात. तुमच्या बाइकचा एखादा पार्ट त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी हातून गेलेला असू शकतो.

चाकण : भाकरी ते बिबिंबाप

१९९९ मध्ये चाकणला बजाजचा प्लँट आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या. आता या पट्ट्यात जर्मन, जपानी, कोरियन साहेब मंडळी असतात, त्यामुळे बिझनेस हॉटेलांच्या मेनूवर सुशी आणि किमची दिसली तर दचकू नका. बिबिंबाप मागवलात तर एक टिप : भात, भाज्या, अंडं, तिखट सॉस सगळं आधी नीट कालवायचं आणि मगच खायचं. आपला काला काय वेगळा असतो?

पण चाकणला जाऊन मासवडी न खाता परत याल तर फाउल! खेड-जुन्नर भागाची ही खासियत. नावावर जाऊ नका, शंभर टक्के व्हेज आहे. बेसनाच्या आवरणात खोबरं, तीळ, लसणाचं झणझणीत सारण, गुंडाळी करून पाडलेल्या वड्या, वर काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पोट जड झालं की जवळच संग्रामदुर्ग बघून या. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने इथेच झुंजवलं होतं.

आणि एक सीरियस गोष्ट

एसी रेस्टॉरंट एखादा वाईट महिना काढू शकतं, मेस आणि गाडीवाल्याला ते जमत नाही. त्यांचा सगळा धंदा एका गेटवर, एका शिफ्टवर उभा असतो. ओव्हरटाइम बंद झाला की त्यांचा गल्लाही रिकामा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कामगार गावी गेले आणि त्यांच्या जिवावर चालणाऱ्या खानावळी थंडावल्या. २०२५ मध्ये चाकणची वाहतूककोंडी फोडायला रस्त्याकडेची अतिक्रमणं काढली गेली. ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकणाऱ्या आपल्याला रस्ता मोकळा हवाच. पण रस्ता रुंद झाल्यावर चहावाला आणि लिट्टीवाला यांनी उभं कुठे राहायचं, हेही कुणीतरी ठरवायला हवं.

ते ठरेपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट नक्की आहे. महिन्यातला एक शनिवार एफसी रोडला सुट्टी द्या. गाडीवर खा, घासाघीस करू नका, आवडलं तर ऑफिसात चार जणांना सांगा. आणि जाताना वाटेत विचारून घ्या, गाडी अजून त्याच कोपऱ्यावर लागते ना!