डोंबिवलीचे नाव मिळालेली संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या घरातल्या मुलांना दाखवा. एकापासून नऊपर्यंत चढते आणि पुन्हा एकापर्यंत उतरते. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. सतरा अंकांची ही संख्या एक अब्ज कोटीपेक्षा मोठी आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर ती पूर्ण मावतही नाही. पण गुणाकार येणारे पाचवीचे मूल ती कागदावर काढू शकते.

कशी? ११ गुणिले ११ म्हणजे १२१. आता १११ गुणिले १११ करा. १११, १११० आणि १११०० अशा तीन ओळी एकाखाली एक येतात. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभ्या रकान्यांतले एक मोजा : एक, दोन, तीन, दोन, एक. उत्तर १२३२१. असेच नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणले की आपली सतरा अंकी संख्या मिळते. म्हणजे ती १११११११११ चा वर्ग आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, तोही नऊचा वर्ग.

मग दहा एक घेतले तर? इथे खरी गंमत आहे. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, शून्य लिहून हातचा पुढे न्यावा लागतो. मराठीत हातचा, उर्दूत हासिल, गोष्ट एकच. तो हातचा शेजारच्या नऊचेही दहा करतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढ-उतार मोडला. का मोडला हे ज्या मुलाने सांगितले, त्याला गुणाकार समजला असे खुशाल समजा. नुसते पाढे पाठ असून हे सांगता येत नाही.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईहून तीसेक मैलांवरच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना ही कल्पना सुचली. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आपल्या दहिसरच्याच पश्चिम रेल्वेवर पुढे लागते ते डहाणू. पदवी बीएस्सीची, त्यापुढे गणिताचे औपचारिक शिक्षण नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि हे नाव जगभर गेले.

आपल्याकडे मूल आठवीत अडखळले की, “आमच्या खानदानात गणित कुणालाच जमत नाही,” असे त्याच्यासमोरच बोलले जाते. मुलगी असेल तर विषय तिथेच संपतो. बाजी, भाईजान, हे वाक्य मुले फार लवकर खरे मानतात. त्यापेक्षा आज जेवण झाल्यावर एक कोरा कागद घ्या, ११११ गुणिले ११११ मांडायला सांगा आणि शेजारी बसा. तुम्हाला उत्तर येत नसले तरी चालेल. “असं का झालं?” एवढेच विचारा.