हजीऱ्याच्या मुलीची डॉक्टरेट

लष्करात सारा जन्म गेलेल्या आमच्यासारख्या ग्वाल्हेरकरांना हजीरा म्हणजे पडावाच्या पुलापलीकडचा परका मुलूख. वर्षातून एकदा, तानसेन समारोहाच्या थंडीत, शाल पांघरून तिकडे जावयाचे, महंमद घौसांच्या भव्य मकबऱ्याशेजारची तानसेनांची ती साधीशी समाधी पाहावयाची, गळा गोड व्हावा म्हणून लोक जिचा पाला खातात ती चिंच मुलांना दाखवावयाची आणि घरी परतावयाचे, एवढाच आमचा त्या वस्तीशी संबंध. बिर्लानगरच्या गिरण्यांमुळे तिकडे मजूरवर्गाची दाट वस्ती झाली हे ऐकून होतो. त्या वस्तीत आपलीही माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात याची आम्ही फारशी दखल घेतली नव्हती, हे कबूल करावयास हवे.

2025 च्या उन्हाळ्यात मात्र हजीराच आमच्या घरी येऊ लागला. आमच्या अक्कांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले. रुग्णालयातून घरी सोडताना हाती जो कागद पडला त्यावर औषधांची लांबलचक यादी होती आणि शेवटी एका ओळीत 'व्यायाम' एवढेच लिहिले होते. कोणता व्यायाम, किती, कोणी करवून घ्यावयाचा, याचा उल्लेख नाही. चार ठिकाणी विचारपूस केल्यावर एका स्नेह्याने हजीऱ्यातील एका मराठी घरातील मुलीचे नाव सुचविले. इंदूरहून फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेली, सकाळी एका दवाखान्यात आणि दुपारनंतर घरोघर जाऊन काम करणारी. दुसऱ्याच दिवशी ती ई-रिक्षातून आली.

आल्याआल्या तिने आम्हासच धारेवर धरले. आम्ही अक्कांना उठविताना त्यांचा लुळा हात धरून ओढीत होतो. "काका, हा हात ओढायचा नाही," ती म्हणाली, "खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेत. ओढलात तर सांधा जागचा सरकेल, आणि मग हात परत आला तरी खांद्याचं दुखणं मागे राहील." आम्ही वाट पाहत होतो ती यंत्र कधी बाहेर काढते याची. विजेचे झटके देणारे एखादे यंत्र असल्यावाचून उपचार कसला, अशी आमची समजूत. तिच्या पिशवीतून निघाला एक टॉवेल, एक चेंडू आणि कोन मोजावयाची एक पट्टी. पहिला सबंध आठवडा तिने अक्कांकडून खुर्चीवरून उठणे आणि पुन्हा बसणे एवढेच करवून घेतले, दररोज कितीतरी वेळा. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, परंतु शेजारचे भाग त्याचे काम शिकू शकतात. ते शिकतात ते पुन्हापुन्हा केल्याने, आणि तेही जे काम प्रत्यक्ष करावयाचे तेच केल्याने. पहिले काही महिने यासाठी सर्वांत मोलाचे असतात. हे सारे तिने अक्कांना समजेल अशा शब्दांत सांगितले. अक्का पहिल्या दिवशी तिला मालीशवाली म्हणाल्या होत्या. महिन्याभरात त्या तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागल्या.

"अक्का, मी डॉक्टर नाही हं," ती दर वेळी हसून सांगे.

एके सायंकाळी मात्र ती हसली नाही. अक्कांचा व्यायाम आटोपल्यावर तिने पिशवीतून कागदांची एक चळत काढून आमच्यापुढे ठेवली. अमेरिकेतील विद्यापीठांची माहितीपत्रके होती ती. तिकडे फिजिओथेरपीची डॉक्टरेट मिळते, ती घेतली की नावामागे 'डॉक्टर' लागते, नोकरीही उत्तम, असे तिच्या वडिलांच्या कानी आले होते. खर्चासाठी हजीऱ्यातील आजोबांचे घर विकावयाचे असे घरात घाटत होते; गिऱ्हाईकही येऊन गेले होते. घर विका म्हणणारे स्वतः आजोबाच होते. ते जे. सी. मिलच्या मागखात्यात होते. बिर्लांची ती गिरणी 1921 सालची. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली आणि हातातोंडाशी आलेली कितीतरी घरे उघड्यावर आली. यांच्या घरी उरली ती ही वास्तू आणि आजोबांचे गुडघे व दमा. "गिरणीनं जे दिलं नाही ते घरानं तरी द्यावं," असे ते म्हणत.

"काका, तुम्ही वाचून सांगा," एवढे म्हणून ती गेली.

आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे उमगले ते येथे मांडतो. कारण आज ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कोठेही पाहा, आपल्या घरांतील पुष्कळ मुली या वाटेवर आहेत.

पहिली गोष्ट ही की 'डॉक्टरेट' या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या पदव्या नांदतात. अमेरिकेत जी डी.पी.टी. म्हणतात ती व्यवसायाची पदवी आहे. प्रथम चार वर्षांची कोणतीही योग्य पदवी, मग साधारण तीन वर्षे डी.पी.टी., आणि त्यानंतर परवान्याची राष्ट्रीय परीक्षा. तिकडे ती झाल्याखेरीज नव्या विद्यार्थ्याला रुग्णाला हात लावण्याचा अधिकारच मिळत नाही. आपल्याकडची पीएच.डी. ही संशोधनाची पदवी. चार वर्षांचे शिक्षण व सहा महिन्यांची उमेदवारी मिळून तिच्या वेळची बी.पी.टी. साडेचार वर्षांची, पुढे दोन वर्षांची एम.पी.टी., आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे. बेरीज केली तर तिकडे सात वर्षांत डॉक्टर आणि इकडे साडेनऊ वर्षांत. गंमत अशी की इकडच्या साडेनऊ वर्षांच्या पदवीने तिकडचा परवाना आपोआप मिळत नाही, आणि तिकडच्या सात वर्षांच्या पदवीने येथे कोणी संशोधक होत नाही. अमेरिकेत डॉक्टरेट हा या व्यवसायाचा उंबरठा आहे; आपल्याकडे तो कळस. इंग्लंडात तर साध्या पदवीवर हा व्यवसाय करता येतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

अमेरिकेतही हे पहिल्यापासून असे नव्हते. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना पुन्हा उभे करण्यासाठी स्त्रियांना अल्पकाळाचे शिक्षण देऊन 'पुनर्रचना साहाय्यिका' म्हणून नेमले गेले; त्यांच्यातीलच मेरी मॅकमिलन यांच्या पुढाकाराने 1921 मध्ये या व्यवसायाची संघटना उभी राहिली. प्रमाणपत्र, मग पदवी, मग पदव्युत्तर पदवी असे करीत 1993 मध्ये ओमाहा येथील क्राइटन विद्यापीठाने थेट डॉक्टरेटचा वर्ग सुरू केला आणि 2015 च्या अखेरीस सर्वच विद्यापीठांना ते बंधनकारक झाले. रुग्णाने अन्य डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून थेट फिजिओथेरपिस्टकडे यावे, तर त्याचे शिक्षणही त्या जबाबदारीला पुरेसे हवे, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यामुळे शिक्षण महागले आणि विद्यार्थी कर्जात बुडाले, अशी टीकाही तिकडे होते. ती आम्हास अगदीच निराधार वाटत नाही; शिक्षणाचा एकूण खर्च पुष्कळ ठिकाणी एक लाख डॉलरच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो.

आपल्याकडे या विद्येचा आरंभ मुंबईत झाला, आणि तो पोलिओमुळे. 1952 च्या सुमारास तेथे पोलिओची साथ आली. शासन, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून परळच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा काढली. 1955 मध्ये या व्यावसायिकांचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला विभाग पोलिओमुक्त ठरला. ज्या रोगाने ही विद्या येथे आणली तो गेला. पक्षाघात, गुडघे, कंबर, छातीचे विकार यांनी तिला काम पुरविले आहे. आमच्या ग्वाल्हेरीत 1957 पासून लक्ष्मीबाईंच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे, त्याला आता विद्यापीठाचा दर्जाही आहे. तरी पाय मुरगळला की पहिलवानाकडून चोळून घेण्याची रीत सुटलेली नाही. आम्हीही ते केलेले आहे. असो.

नावामागच्या 'डॉक्टर'चा प्रश्नही त्याच दिवसांत पेटला होता. 2021 च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग झाला. आयोगाच्या 2025 च्या अभ्यासक्रमात पदवीची मुदत पाच वर्षांची केली गेली आणि नावाअगोदर 'डॉ.' व नावापुढे 'पी.टी.' लिहिण्यास मुभा दिली गेली. 9 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढून 'डॉ.' लावू नये असे कळविले; दुसऱ्याच दिवशी, अधिक विचार हवा म्हणून, ते पत्र मागे घेतले. अक्कांना आम्ही ही बातमी वाचून दाखविली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला उभं कोणी केलं ते मला ठाऊक आहे." आमचे मत विचाराल तर रुग्णाची फसगत होऊ नये एवढे पाहावे, पुढे 'पी.टी.' स्पष्ट लिहिले असेल तर कोणाची फसगत होईल असे वाटत नाही. परंतु केवळ त्या दोन अक्षरांसाठी राहते घर विकणे, हा मात्र निराळा विषय आहे.

हे सर्व सांगावयास आम्ही अखेर हजीऱ्यास गेलो. चार शहर का नाका मागे टाकून अरुंद गल्लीत शिरलो. आजोबा ओसरीवर बसले होते. आम्ही सांगितले ते असे: मुलीला अमेरिकेतच कायमचे राहावयाचे असेल, तर पहिल्या पायरीपासून डी.पी.टी. हा एकच मार्ग नाही. परदेशी पदवीधरांच्या शिक्षणाची विषयवार तुलना करणाऱ्या संस्था तिकडे आहेत. जे विषय उणे पडतील ते भरून काढावे लागतात, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि मग परवान्याची. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. पदवीधर फिजिओथेरपिस्टांसाठी कमी मुदतीची डी.पी.टी.ही काही विद्यापीठे देतात. येथे एम.पी.टी. करून मग यांतील काय ते ठरविता येईल. घर एकदा गेले की ते परत घेता येणार नाही. वडील म्हणाले, "पण मग डॉक्टर?" आम्ही म्हटले, पीएच.डी. झाली की त्या 'डॉक्टर'विषयी कोणाचा वाद नाही. मात्र त्यासाठी प्रश्न हवा.

मुलगी म्हणाली, "प्रश्न आहे."

ती आम्हा सर्वांना तानसेनांच्या समाधीच्या आवारात घेऊन गेली. दम किती टिकतो हे पाहण्याची एक चाचणी असते: तीस मीटरच्या सरळ रस्त्यावर सहा मिनिटे येरझाऱ्या घालावयाच्या आणि किती अंतर काटले ते मोजावयाचे. त्यांच्या गल्लीत तीस मीटर सरळ जागा कोठेच नव्हती. ती तिला येथे सापडली. कापसाच्या धुळीने गिरणी-कामगारांच्या छातीला जो विकार जडतो त्याची माहिती पुस्तकांतून आहे. परंतु गिरणी बंद होऊन तीस वर्षे उलटल्यावर, म्हातारपणी, गुडघे गेलेल्या अशा माणसांना श्वासाचे आणि पायांचे व्यायाम एकत्र दिले तर ती अधिक चालू शकतील काय, हे तिला पाहावयाचे होते. नीतिसमितीची संमती, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट, चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंद, हे सर्व करावे लागेल हे तिने शोधून ठेवले होते. हजीऱ्यात अशी माणसे तिला दारोदार मिळणार होती.

आजोबांच्या बोटाला तिने प्राणवायू मोजावयाची चिमटी लावली आणि घड्याळ सुरू केले. नऊ फेऱ्या आणि वर काही पावले झाली. मध्ये ते दोनदा थांबले. ती काही बोलली नाही, घड्याळही थांबविले नाही. चाचणीचा नियमच तसा आहे. थांबल्यावर खाली बसून त्यांनी प्रथम विचारले, "पास झालो का?"

घर विकले गेले नाही. ती आता एम.पी.टी.साठी नागपुरास आहे. विषय छाती व श्वसन. अमेरिकेची माहितीपत्रके आमच्या कपाटात आहेत, तिने ती परत मागितली नाहीत आणि टाकूही दिली नाहीत. अक्कांकडे सध्या दुसरी मुलगी येते. अक्का काठीच्या आधाराने अंगणातील तीन पायऱ्या उतरतात, चढताना अजून हात द्यावा लागतो. तो कोपराखालून द्यावयाचा, ओढावयाचा नाही, हे आता घरात सर्वांना ठाऊक झाले आहे.