मार्गासनीचा चहा आणि एक अर्धवट कादंबरी

सर्वप्रथम वॉर्डनसरांसाठी एक खुलासा. या लेखातली कादंबरीलेखनावरची सगळी चर्चा पेयपानाच्या वेळी झालेली आहे आणि ते पेय चहा आहे. चहाच. सोबत लायब्ररीतले सर होते, त्यांना विचारावं.

झालं असं की माझ्या रूम पार्टनरने कादंबरी लिहायला घेतली. विषय अर्थातच प्रेम! सेमिस्टर सुरू झाल्यापासून हा पठ्ठ्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दोनशे पानी लाँगबुकात खरडायचा आणि दिवसा लेक्चरला झोपायचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत १४० पानं भरली. मग त्याने ती मला वाचायला दिली. मी वाचली आणि म्हणालो, "भारी आहे यार."

मित्रहो, ते खोटं होतं.

कादंबरीत हीरो इंजिनिअरिंगचा, हिरॉईन आर्टसची. दोघांची भोरच्या एस.टी.त ओळख होते, मग दोघं राजगडावर जातात, पाऊस पडतो, सुवेळा माचीवर सूर्यास्त होतो आणि मग अकरा पानं दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. बस्स. पण मी काय करणार? ज्या मुलीवरून हे सगळं सुरू झालं तिने त्याला 'नाही' म्हणून सांगितलं होतं आणि चार दिवस तो मेसला आला नव्हता. अशा माणसाला 'तुझी कादंबरी बोअर आहे' कसं सांगायचं?

जानेवारीत हॉस्टेलचा राजगड ट्रेक निघाला. पार्टनरने सॅकमध्ये लाँगबुक टाकलं. का, तर 'वातावरण अनुभवायला.' तेव्हा मला कळलं की हा लातूरकडचा गडी राजगडावर आयुष्यात कधी गेलेलाच नाही! निम्मी कादंबरी त्याने गुगलवरच्या फोटोंवर बांधली होती. लायब्ररीतले सर मात्र त्याच भागातले. त्यांचं आजोळ भोर तालुक्यात, वेळवंडी नदीच्या काठी. (२०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला, पण सरांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.)

नसरापूर सोडून आत वळलं की मार्गासनी लागतं. तिथे गाडी थांबली आणि पहिला चहा झाला. सरांनी लाँगबुक मागितलं. पार्टनरने आढेवेढे घेत दिलं. सरांनी सात-आठ पानं वाचली, मग मधलीच काही चाळली, चहा गार झाला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"या दोघांचं लग्न का होत नाही?"

"म्हणजे सर?"

"म्हणजे अडचण काय आहे? जात, पैसा, घरचे, आजारपण, कर्ज... काहीतरी असेल ना?"

"अडचण नाही सर. दोघांचं एकमेकांवर खूप प्रेम आहे."

"मग पहिल्याच पानावर लग्न लाव की! कागद वाचेल."

सगळे हसले. पार्टनर नाही हसला.

मग सर ना. सी. फडक्यांवर आले. आपल्यापैकी बऱ्याच जणांना फडके म्हणजे आजीच्या कपाटातली पिवळी पडलेली पुस्तकं. पण १९३० च्या आसपास मराठी तरुण मंडळी ज्यांच्या प्रेमकथांवर फिदा होती ते हे फडके. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्रोफेसर. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' अशा सत्तरच्या वर कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्यावर टीकाही तेवढीच झाली, की यांचे हीरो सुखवस्तू, यांच्या नायिका नाजूक, खऱ्या जगाची धूळ कुठे लागतच नाही. त्याच कोल्हापुरात राहणारे वि. स. खांडेकर जीवनासाठी कला म्हणायचे आणि फडके कलेसाठी कला. हा वाद आपल्याला बारावीत एका मार्काला येऊन गेलेला आहे, म्हणून तो सोडून देतो.

आपल्या कामाचं आहे ते त्यांचं १९३१ सालचं 'प्रतिभासाधन'. त्यात फडक्यांनी कथा-कादंबरी कशी रचतात ते उघड करून सांगितलं. तोपर्यंत लेखकाला स्फूर्ती येते, म्हणजे देवी अंगात यावी तशी, असा समज होता. (आपल्या हॉस्टेलात अजून आहे.) फडके म्हणाले, तंत्र आहे, ते शिकता येतं. सरांनी ते आपल्या भाषेत असं सांगितलं : आधी गाठ बसली पाहिजे, मग ती आणखी आवळली पाहिजे, मग एका ठिकाणी तुटेल की सुटेल अशी वेळ आली पाहिजे आणि मग ती सुटली पाहिजे. वाचक पुढचं पान उलटतो तो गाठीसाठी. नुसतं प्रेम म्हणजे सरळ दोरी. सरळ दोरीकडे कोण किती वेळ बघणार?

मला हे एकदम पटलं, कारण आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्ससारखंच आहे. लोड दिल्याशिवाय मटेरियल काय आहे ते कळत नाही. कुणावर किती प्रेम आहे हे डोळ्यांत बघून कळत नाही. त्यासाठी काय सोडावं लागतं त्यावरून कळतं.

पार्टनर म्हणाला, "पण सर, असं ठरवून लिहिलं तर फॅक्टरीच झाली ना?" प्रश्न बरोबर होता. लंडनच्या मिल्स अँड बूनने (कंपनी १९०८ सालची) प्रेमकथांचा कारखानाच काढला आणि चालवून दाखवला. बार्बरा कार्टलंड बाई तर सोफ्यावर आडव्या पडून सेक्रेटरीला कादंबऱ्या सांगायच्या. सातशेच्या वर झाल्या! सरांचं म्हणणं, ड्रॉइंग सगळ्यांचं सारखं असू शकतं. साईट सारखी नसते.

या 'साईट'चा अर्थ आम्हाला गडावर कळला.

गुंजवण्यातून चढायला लागलो. चोर दरवाजाचा शेवटचा टप्पा आला तेव्हा पार्टनर रेलिंगला धरून उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं आणि हळूच म्हणाला, "माझी हिरॉईन इथनं हाय हिल्स घालून चढलीये." पद्मावती माचीवर ताक प्यालो (हे दुसरं पेय) आणि पुढे सुवेळा माचीकडे निघालो. नेढ्यात बसून वारा खाताना पार्टनरने विचारलं, सूर्यास्त इथून कसा दिसतो? सर म्हणाले, "सूर्यास्त? सुवेळा पूर्वेला आहे बाळा. मावळताना बघायचा तर संजीवनीवर जा." पार्टनरच्या कादंबरीत सूर्य अकरा पानं पूर्वेला मावळत होता. आणि मी, दोन वेळा राजगड केलेला माणूस, ते वाचून 'भारी आहे' म्हणालो होतो.

तिथेच सरांनी गो. नी. दांडेकरांचं नाव काढलं. गोनीदा (१९१६-१९९८) म्हणजे फडक्यांच्या अगदी उलट टोक. शाळकरी वयात घर सोडलेला, स्वातंत्र्याच्या चळवळीत गेलेला, गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेला आणि पायी नर्मदा परिक्रमा केलेला माणूस. तळेगाव दाभाड्याला राहायचे आणि आयुष्यभर गडकिल्ले चढायचे. राजगड तर त्यांच्या जिवाचा. 'वाघरू' ही त्यांची कादंबरी या राजगडावरचीच. परिक्रमेतून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आली आणि राजमाचीवरून 'माचीवरला बुधा'.

आणि प्रेमकथा? 'जैत रे जैत' घ्या. सिनेमा (१९७७, जब्बार पटेलांचा, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे) निदान गाण्यांमुळे तरी सगळ्यांना माहीत आहे. मूळ कादंबरी गोनीदांची, १९६५ ची. ठाकरांचा नाग्या आणि त्याच्यासाठी नवऱ्याला सोडून आलेली चिंधी. लिंगोबाच्या डोंगरावर मधमाश्यांची पोळी आहेत आणि राणीमाशीचा सूड घ्यायचा हे नाग्याच्या डोक्यात बसलेलं आहे. आता यातून तो कडा काढून टाका. पोळी काढून टाका. काय उरलं? काहीच नाही! म्हणजे बघा, फडके म्हणतात ती गाठ इथेही आहे, पण ती टेबलावर बसून मारलेली नाही, त्या डोंगरानेच मारलेली आहे. 'शितू'चंही तेच. अपशकुनी ठरवलेली कोकणातली बालविधवा आणि विसू, यांच्यामध्ये खलनायक कुणी नाही. आख्खं गाव जे बोलतं तेच मध्ये उभं आहे. गावाची बोली कानात असल्याशिवाय ती कादंबरी लिहिताच आली नसती.

तेव्हा 'लेखकाला सुचतं कसं' याचं उत्तर, मला समजलं ते असं : माणसं कशी बोलतात, कशाला घाबरतात, वाट कुठे अवघड आहे, पाणी कुठून भरतात, हे वर्षानुवर्षं आत साठत राहतं. मग एक दिवस एखादी अडचण त्यात पडते आणि त्याचं दही लागतं. विरजण महत्त्वाचं आहेच, पण आधी दूध तापवलेलं लागतं. आमच्या पार्टनरने रिकाम्या पातेल्यात विरजण टाकलं होतं.

उतरल्यावर गुंजवण्यात तिसरा चहा. पाय बोलत होते, त्यामुळे चर्चा आपोआप हॉस्टेलवर आली, म्हणजे 'दुनियादारी'वर. सुहास शिरवळकरांचं हे पुस्तक (१९८२) आपल्या लायब्ररीत कधीच जागेवर नसतं. २०१३ च्या सिनेमानंतर तर विचारूच नका. शिरवळकर म्हणजे रहस्यकथा लिहून लिहून हात बसलेला लेखक. दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास हे सगळे त्यांचेच. प्रकरण कुठे तोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. पण 'दुनियादारी' टिकली ती पुण्याच्या एस.पी. कॉलेजच्या कट्ट्यामुळे, तिथल्या शिव्यांमुळे, आणि बारमध्ये ग्लास पुढे घेऊन बसणाऱ्या त्या एम. के. श्रोत्रीमुळे. प्रेमात हरलेला माणूस दारू पिऊन प्रेमावर भाषण देतो, हे लिहायला सोपं आणि खरं वाटायला लावायला महाकठीण. (वॉर्डनसर, हे कादंबरीतलं आहे.)

पार्टनर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, माझी अडचण आहे. खरी. पण ती लिहिली तर सगळ्यांना कळेल कोणावर आहे ते. माझं हसं होईल."

सरांनी त्याला चंद्रकांत काकोडकरांची गोष्ट सांगितली. एके काळी यांच्या प्रेमकथांवर महाराष्ट्रातली रेल्वे स्टेशनं आणि वाचनालयं चालायची. 'दो रास्ते' हा राजेश खन्नाचा सिनेमा त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून निघाला. १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' छापून आली आणि अश्लील म्हणून खटला झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६९ साली कोर्टाने निकाल दिला की अश्लील नाही. एका प्रेमकथेसाठी सात वर्षं! "तुला काय होणार आहे?" सर म्हणाले, "चार पोरं चिडवतील. पण ती मुलगी ओळखू येता कामा नये. नाव बदलून भागत नाही, माणूसच बदलावा लागतो. तुझी अडचण ठेव, तिचा चेहरा ठेवू नको. तो तुझा नाही."

हे मला फार आवडलं. फडक्यांच्या तंत्रात हे आहे की नाही ठाऊक नाही, पण असायला हवं.

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "यार, मला पण ती आवडली नव्हती. तेव्हा बोललो नाही." पार्टनरने माझ्याकडे बघितलं, उठला आणि फक्त स्वतःच्या चहाचे पैसे दिले.

परतीच्या वाटेवर तो सरांशेजारी बसला. माझ्याशी बोलणं बंद होतं, पण मागच्या सीटवरून सगळं ऐकू येत होतं. सर आजोळचं सांगत होते. भाटघर धरण ब्रिटिशांच्या काळातलं. वेळवंडीच्या पात्रात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं जुनं देऊळ आहे. ते वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात धरण उतरलं की उघडं पडतं. मग लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. पावसाळा आला की पुन्हा बुडतं. त्या भागातली कित्येक पोरं मुंबई-पुण्याला कामाला, मे महिन्यात तेवढी गावी येतात...

पार्टनर एकदम सरळ बसला. "म्हणजे सर, समजा मुलगा मुंबईला आणि मुलगी इथे. देऊळ वर असेल तेवढेच दिवस त्यांना भेटता येतं..."

"आणि त्या वर्षी पाऊस लवकर आला तर?" सर म्हणाले.

त्यानंतर आठवडाभराने त्याने लाँगबुक माझ्या कॉटवर टाकलं. जुनी १४० पानं फाडलेली. नवीन अकरा होती. "या वेळी खोटं बोललास तर रूम बदलेन," एवढंच बोलला. मी वाचली. दोन ठिकाणी कंटाळा आला, ते सांगितलं. बाकी नऊ पानांत त्या मुलीचं पुढे काय होतं ही चिंता मला खरोखर लागली, तेही सांगितलं. त्या रात्री आम्ही मेसला एकत्र गेलो.

लाँगबुकाच्या शेवटच्या पानावर त्याने प्रश्नांची यादी केली आहे. देवळाचा पहिला दगड कधी दिसायला लागतो? चिखल वाळायला किती दिवस लागतात? पाण्याची पातळी रोज किती उतरते आणि ती कोण मोजतं? बुडालेल्या देवळात वास कसला येतो? परीक्षा संपली की मेमध्ये तो हे बघायला जाणार आहे, सरांच्या आजोळी राहून. एस.टी.साठी माझ्याकडून दोनशे रुपये घेतले आहेत.