स्वस्त पामतेलाची अदृश्य किंमत

भारत हा खाद्यतेलाची सर्वाधिक आयात करणारा देश आहे. देशाच्या एकूण गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते व त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. वनस्पती तूप, बिस्किटे, फरसाण, साबण अशा अनेक वस्तूंत ते असते. ग्राहकाला मात्र त्याची कल्पना नसते. हे तेल स्वस्त का पडते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. उत्पादनाचा जो भार उत्पादक वा ग्राहक न उचलता तिऱ्हाईतावर पडतो, त्यास अर्थशास्त्रात 'नकारात्मक बाह्यता' म्हणतात. बाजारभावात तिचा समावेश नसतो.

पर्यावरणीय किंमत

जगातील चार-पंचमांशाहून अधिक पामतेल इंडोनेशिया व मलेशियात तयार होते. सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील वर्षावने तोडून तेथे मळे उभारण्यात आले. त्यामुळे ओरांगउटानसारख्या प्राण्यांचा अधिवास आक्रसला. त्याहून गंभीर बाब पीट जमिनीची आहे. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या या थरांत हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असतो. लागवडीसाठी चर खणून पाण्याचा निचरा केला की हे थर कोरडे पडून कार्बन वातावरणात मिसळतो आणि जमीन सहज पेट घेते. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र वणव्यांत जळाले. जागतिक बँकेने त्या देशाचे नुकसान सुमारे १,६०० कोटी डॉलर इतके आकारले. धुराचा त्रास सिंगापूर व मलेशियालाही झाला.

मानवी किंमत

मलेशियातील मळे मुख्यतः स्थलांतरित मजुरांवर चालतात. भरतीसाठी काढलेले कर्ज, मालकाच्या ताब्यातील पासपोर्ट व थकलेली मजुरी यांमुळे मजुराला काम सोडणे अशक्य होते. २०२० मध्ये अमेरिकेने सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून तेथील दोन मोठ्या कंपन्यांचे पामतेल रोखले होते.

भारतापुढील प्रश्न

१९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेमुळे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देश स्वयंपूर्णतेच्या जवळ पोहोचला होता. १९९४ नंतर आयात खुली होत गेली. स्वस्त तेलाने ग्राहकास दिलासा मिळाला. परंतु भुईमूग, मोहरी व सोयाबीन पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या भावावर दबाव आला. अवलंबित्वाचा धोका एप्रिल २०२२ मध्ये दिसून आला. इंडोनेशियाने काही आठवडे निर्यात थांबवताच खाद्यतेलाच्या बाजारात अस्वस्थता पसरली.

तथापि, पामतेलावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. प्रतिहेक्टरी तेलाचे उत्पादन या पिकात इतर तेलबियांच्या कित्येक पट असल्याने पर्यायी पिकांना अधिक जमीन लागेल. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान मंजूर केले. त्यात ईशान्य भारत व अंदमानवर विशेष भर आहे. हे प्रदेश जैवविविधतेने समृद्ध असल्याने लागवड नैसर्गिक वनांबाहेरच राहिली पाहिजे. अन्यथा परदेशातील हानी केवळ स्वदेशी आणल्यासारखे होईल. प्रमाणित तेलाची खरेदी, स्थिर आयातशुल्क धोरण व तेलबियांना खात्रीशीर भाव ही त्रिसूत्री अवलंबल्यास आज इतरांवर पडणारा भार किमतीत प्रतिबिंबित होऊ लागेल.